देवरावकाकांनी थांबवलेली वेळ

काका, आधी सेल्वीअक्काचं नाव घेते, मग बाकीचं बोलते. तुम्ही तिला ओळखत नाही, ती तुम्हाला ओळखत नाही. इथं तिरुपूरला ज्या कारखान्यात मी टीशर्ट शिवते, तिथली ती आमच्या लाइनची सुपरवायझर. तोंडाची कडक आहे. पण ती नसती तर मी तुमच्या दारापर्यंत आले नसते.

शिफ्टमध्ये आमचे मोबाइल बाहेर जमा असतात. भावानं शेवटी ऑफिसच्या नंबरवर फोन लावला. ऑफिसातल्या मुलीनं येऊन मला हिंदीत सांगितलं, घरून निरोप आहे, कोणी देवरावकाका गेले. मी मशीनवरचा पाय काढला नाही. बाही जोडत होते, जोडतच राहिले. कापड संपलं तरी सुई चालत होती. सेल्वीअक्कानं लांबून पाहिलं आणि हात वर केला. आमची अख्खी लाइन थांबली.

लाइन थांबणं म्हणजे काय असतं हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. माझ्या हातची बाही पुढच्या बाईकडे जाते, तिची पुढे. एक थांबली की सगळ्या थांबतात, आणि वरचे साहेब काचेतून बघायला लागतात. सेल्वीअक्कानं काचेकडे पाहिलंच नाही. माझ्या दंडाला धरून मला उठवलं, स्वतः माझ्या मशीनवर बसली आणि म्हणाली, "जाओ." कोण गेलं, ते माझे कोण लागत होते, किती दिवस लागतील, काहीच विचारलं नाही. तिच्या भाच्यानं मला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. गाडी सुटल्यावर मला कळलं की माझ्या गळ्यात अजून कारखान्याचं ओळखपत्र आहे आणि बोटात अंगुस्तान.

काका, तुम्ही गेलात. सकाळचा चहा झाला आणि अंगणातल्या खाटेवर आडवे झालात ते उठलाच नाहीत, असं म्हणतात. मी बल्लारशाहला उतरून वणी, वणीहून मारेगाव आणि तिथून आपल्या गावचा ऑटो धरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुमचा चेहरा काही मला दिसला नाही.

कबड्डी मंडळाची पोरं तुमच्यावर स्मरणिका काढताहेत. मलाही लिही म्हणाले. मी नववीत शाळा सोडलेली बाई, मला धास्ती वाटते. कुठं ऱ्हस्व चुकेल, कुठं भलतंच लिहिलं जाईल, कोणाचं मन दुखेल. जन्म कधी झाला, एसटीत कंडक्टर म्हणून कधी लागलात, कबड्डीचे पंच कधी झालात, हे बाकीचे लिहितील. मला त्यातलं नीट माहीतही नाही. मला आपलं भांडण माहीत आहे. तेच लिहिते.

आपलं भांडण मारेगावच्या त्या फायनलचं. तालुक्याची मुलींची फायनल, थंडीचे दिवस, दुपार. मी नववीत होते. जो संघ जिंकेल त्यातल्या मुली जिल्ह्याच्या संघात जाणार, आणि जिल्ह्यातून क्रीडा वसतिगृहात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या कमरेचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. घरात हळूहळू बोलणं व्हायचं की काजलनं आता घर पाहावं. मला वाटायचं, वसतिगृहात नंबर लागला तर कोणी काही बोलणार नाही. माझ्यासाठी ती ट्रॉफीची मॅच नव्हती. माझी शाळा राहते का जाते, एवढीच ती मॅच होती.

आम्ही दोन गुणांनी मागं होतो, वेळ थोडा उरला होता. पण समोर त्यांच्या दोनच मुली मैदानात राहिल्या होत्या आणि त्याही धापा टाकत होत्या. त्या दोघी बाद झाल्या की लोण, लोणचे दोन गुण वेगळे. मी एक रेड करून परत आले होते. दम भरलेला होता, पाय हलके होते. तुम्हाला ठाऊक असेल, काका, माणसाला आयुष्यात एखाद्या वेळीच असं वाटतं की आता आपल्याला कोणी धरू शकत नाही. मला त्या क्षणी तसं वाटलं होतं.

आणि त्यांची पल्लवी खाली बसली. तिला कोणी हातही लावला नव्हता. ती त्यांच्या अंगणात, निदानरेषेच्या मागं होती, उभी होती, आणि एकाएकी घोटा धरून बसली.

तुमचा हात लगेच वर गेला. शिट्टी. वेळ बंद.

सगळं मैदान ओरडायला लागलं. नौटंकी, नौटंकी. आमचे कोच रेषेपर्यंत धावत आले आणि म्हणाले, कंडक्टर, ही गाडी कोणत्या थांब्यावर लावली तुम्ही. लोक हसले. तुम्ही कोणाकडे पाहिलं नाही. पल्लवीपाशी जाऊन वाकलात, घोट्याकडे बघितल्यासारखं केलंत. मग गळ्यातला दुपट्टा काढून तिच्या अंगावर, कमरेपासून पायापर्यंत पसरलात. मोठ्यानं म्हणालात की हाड असू शकते, कोणी पोट्ट्यानं हात लावायचा नाही. शेंगा विकणाऱ्या बाईला तुम्ही बोटानं बोलावलंत, आणखी एका बाईला बोलावलंत. त्या दोघींनी पल्लवीला दुपट्ट्यासकट उचलून शाळेच्या खोलीत नेलं.

तेवढ्यावरही तुम्ही खेळ सुरू केला नाहीत. रेषा आखायच्या फक्कीचा डबा मागवलात. ती जिथं बसली होती तिथं आधी बुटानं माती सारखी केलीत, मग वरून पांढरी फक्की मारलीत. तिथं कुठली रेषाच नव्हती. तेव्हा तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याले दिसत नाही आता, रेषा सोडून रांगोळी काढून राह्यला, असं कोणीतरी ओरडलं. मीही हसले होते. आतून मात्र मला रडू येत होतं, कारण थांबून थांबून माझा दम उतरत होता आणि त्यांच्यात एक ताजी राखीव मुलगी येऊन उभी राहिली होती.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या ताज्या मुलीनंच माझा पाय धरला. आम्ही हरलो.

नववीची परीक्षा दिली आणि शाळा सुटली. कोणी रागावून सोडवली नाही, तशी सुटली. सकाळी आईला उठवून बसवायचं, चूल, पाणी, मग शाळेची बस निघून गेलेली असायची.

आमच्या कोचनी कबड्डी संघटनेकडे तुमच्याविरुद्ध तक्रार केली. म्हणाले, मुलीला लागलंच नव्हतं, पंचानं मुद्दाम वेळ खाऊन त्या संघाला दम घेऊ दिला. बैठकीला तुम्हाला बोलावलं. मी गेले नव्हते, पण तिथं काय झालं ते गावभर झालं. त्यांनी विचारलं, जखम कोणती होती ते सांगा. तुम्ही म्हणालात, सामना थांबवायचा अधिकार पंचाचा आहे, मी थांबवला, बरोबर थांबवला. परत परत विचारलं तरी तेवढंच. मग पुढचे काही हंगाम तुम्हाला मोठ्या सामन्याला शिट्टी मिळाली नाही.

तुम्ही घरी बसाल असं सगळ्यांना वाटलं होतं. तुम्ही फक्कीचा डबा घेतलात. ज्या मैदानावर तुम्ही सरपंच, म्हणजे मुख्य पंच, म्हणून उभे राहायचे, तिथं सकाळी येऊन गुडघ्यावर बसून रेषा मारायचे. पोरं जाता-येता म्हणायची, काका, रेषेवरच मारजा बरं. तुम्ही हसायचे. मी पाणी भरायला निघाले की ते दिसायचं. मला तुमचा राग होता आणि तरी ते बघून माझा जीव कसातरी व्हायचा. एवढं ऐकून घ्यायचं आणि पुन्हा त्याच मैदानावर यायचं, हे माझ्या समजण्यापलीकडचं होतं.

एक दिवस तुम्हीच हाक मारली. "काहून वं, नुसतीच पाहत राहतं? दोरी धर."

मी दोरी धरली. तिथून आपलं सुरू झालं. तुम्ही मला रेषा मारायला शिकवलं, मग रेषापंच केलं, मग तुमचे दिवस फिरल्यावर सामन्यांना घेऊन जायला लागलात. कुसुमकाकू डबा दोघांचा द्यायच्या. घरून मला कोणी पाठवलं नसतं, पण देवरावकाकांसोबत जाते म्हटलं की माझे बाबा काही बोलायचे नाहीत.

तुमच्यासोबत राहून मी जे पाहिलं त्यानं माझं भांडण मिटायच्या ऐवजी वाढलं. कारण वेळ खाणारा माणूस तुम्हाला शंभर पावलांवरून ओळखू यायचा. ढाणकीच्या सामन्यात एक रेडर मध्यरेषेजवळ येऊन सारखा बुटाची नाडी बांधायचा. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत. पुढच्या वेळी तो वाकला तेव्हा म्हणालात, बूट काढ बाबू, पायाले हवा लागू दे. तो उरलेला सामना अनवाणी खेळला. त्याच दिवशी दुसऱ्या संघाचा एक गडी गुडघा धरून लोळत होता. तुम्ही नेहमीसारखी आधी वेळ थांबवलीत, मग सावकाश त्याच्याजवळ गेलात, कानात काहीतरी बोललात. तो झटकन उठून उभा राहिला. यवतमाळला येताना बसमध्ये मी खनपटीला बसले, काय सांगितलं त्याला. तुम्ही म्हणालात, "म्हटलं, घड्याळ बंद हाये. तू सांजपर्यंत लेटला तरी एक मिनिट कमी होत नाही. लेट बिनधास्त."

मी खूप हसले. पण ज्या माणसाला एवढं कळतं तो त्या दिवशी पल्लवीला कसा फसला?

तेच मी विचारत राहिले. तुमच्याच बसमध्ये विचारलं. वणीच्या फेरीला मी दरवाजाजवळच्या सीटवर बसायची आणि तुम्ही तिकिटं फाडता फाडता माझ्याशी वाद घालायचे. अर्धी बस ऐकायची. एकदा एक म्हातारे आजोबा मध्येच म्हणाले की त्या मारेगावच्या पोरीले काही लागलं नोतं, म्या ह्या डोयानं पाह्यलं. तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, आजोबा, तिकीट घेतलं का तुम्ही? त्यांनी घेतलं नव्हतं. बस हसायला लागली आणि माझा मुद्दा राहून गेला.

तुमचं म्हणणं एकच असायचं. आधी थांबवायचं, मग पाहायचं. दुसरे पंच आधी बघायचे, खरं का खोटं ठरवायचे, मग शिट्टी मारायचे. तुम्ही म्हणायचे, खोट्यासाठी थांबवलं तं मिनिट वापस भेटते. खऱ्यासाठी नाही थांबवलं तं काय वापस भेटते, सांग.

माझंही एकच असायचं. मी म्हणायची, मिनिट वापस भेटते काका, दम वापस भेटते का? समोरच्याला बसल्या बसल्या दम मिळतो, राखीव गडी मिळतो, आणि ज्याच्या अंगात खेळ आलेला असतो त्याचा जातो. त्याचं काय? नियमात त्याची भरपाई कुठं आहे?

इथं येऊन तुम्ही थांबायचे. कधी म्हणायचे, नियम पूरा वाचजो, त्याच्यात नुसतं लागलं असंच नाही लिहेल, पुढं अचानक आलेली अडचण बी हाये. मी म्हणायची, त्या दिवशी कोणती अडचण होती? तुम्ही म्हणायचे, चहा घेतं का?

तुम्ही पुन्हा मुख्य पंच झालात तेव्हा दोन गोष्टींवर अडून बसलात. मुलींच्या संघाला पांढरी किंवा फिकी चड्डी चालणार नाही, गडद रंगच पाहिजे. आणि मैदानाजवळ मुलींसाठी एक बंद खोली आणि पाणी असल्याशिवाय मी शिट्टी मारणार नाही. आयोजक वैतागायचे. कोणत्या पुस्तकात आहे हा नियम, असं म्हणायचे. मीसुद्धा तुम्हाला म्हटलं होतं की काका, तुम्ही म्हातारपणी रंगाचे पंच झाले. ते लिहायची आज लाज वाटते, पण तुम्ही तेव्हा खरंच हसला होतात, म्हणून लिहिते.

मग आईची तब्येत सावरली, भावाची बायको आली, आणि आमच्याकडच्या काही मुली तिरुपूरला निघाल्या तेव्हा मीही निघाले. बसस्टँडवर तुम्ही युनिफॉर्ममध्येच आलात. स्वतःची शिट्टी काढून दिलीत. मी म्हटलं, तिथं कशाला लागते? तुम्ही म्हणालात, ठेव.

दर रविवारी फोन. तुम्ही मोबाइलवर मोठ्या स्पर्धेचे सामने बघायचे, मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून बघायची, आणि मग वाद. हा पडला तो खरा का खोटा, पंचानं वेळ लवकर सुरू केली का उशिरा. इथं भाषा कळत नाही, जेवण तोंडी लागत नाही, एखादा पीस चुकला की मान वर करायची भीती वाटते. रविवारी अर्धा तास मात्र मी कोणाला भीत नव्हते. शेवटच्या फोनवरही मी तेच उकरलं. म्हटलं, काका, आता तरी सांगा, पल्लवीला लागलं होतं का? तुम्ही म्हणालात, "तुह्या दमाचं म्हणणं खरं हाये. त्याले माह्याजवळ उत्तर नाही. दिवाळीले आली की बसू."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं खरं मानलंत. मी जिंकल्यासारखी झोपले. दिवाळी यायच्या आधी तुमची बातमी आली.

तुमच्या घरी पोहोचले तेव्हा पुढच्या खोलीत चटईवर बाया बसल्या होत्या. कुसुमकाकूंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, आता कोणाशी भांडशीन वं माय. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. दुपारनंतर बाया पांगल्या. तेव्हा एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन आत आली. तिला ओळखायला मला वेळ लागला. पल्लवी होती.

ती आता लग्न होऊन झरीकडे असते, गावातल्या मुलींना कबड्डी शिकवते. काकूंच्या पाया पडली, भिंतीला टेकून बसली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काजल ना. मले तुले भेटायचंच होतं."

मी म्हटलं, हो, मीच ती, तुझा घोटा कसा आहे आता?

टोमणाच होता तो, काका, तुमच्या घरात बसून मारलेला. तिला राग आला नाही. तिनं मुलीला काकूंच्या मांडीवर दिलं आणि सरळ सांगितलं.

"घोट्याले काही झालं नोतं. माही पाळी आलती. पहिलीच. मले समजलंबी नाही काय झालं ते, पांढरी चड्डी, समोर अख्खा गाव. म्या खाली बसली आन् उठायचं कसं ते समजेना. काका आले. म्या एवढंच म्हटलं, काका, मले उठता येत नाही. त्यायनं माह्या तोंडाकडे पाह्यलं. एक शब्द नाही इचारला."

काकूंच्या मांडीवरची मुलगी त्यांच्या बांगड्या फिरवत होती.

मला एकामागून एक सगळं दिसायला लागलं. दुपट्टा, शेंगावाली बाई, बुटानं सारखी केलेली माती. आणि फक्की, काका. जिथं रेषा नव्हती तिथं मारलेली फक्की. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो आणि तुम्ही खाली मान घालून एका मुलीची लाज पांढऱ्या भुकटीखाली झाकत होतात. सगळ्यांनी तुम्हाला आंधळं म्हटलं. त्या मैदानावर दिसत फक्त तुम्हाला होतं.

पल्लवी पुढं सांगत होती. काही दिवसांनी ती दुपट्टा धुऊन, घडी करून परत द्यायला डेपोत आली. तुम्ही म्हणालात, हा माहा नाही पोरी, तुले चुकून आला असंल. पुढं ती कधीही भेटली तरी तुम्ही त्या दिवसाची ओळख दाखवली नाहीत. तक्रार झाल्याचं तिला कळलं तेव्हा ती रडत तुमच्याकडे आली होती, म्हणाली होती, मी बैठकीत येऊन सांगते. तुम्ही तिला म्हणालात, सामना मी थांबवला, उत्तर मी देईन, तू प्रॅक्टिसले जाय.

कुसुमकाकू इतका वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, मले म्हणे दुपट्टा बसमध्ये हरपला. नवा आणला तेव्हा म्या किती बोलली त्यायले. मग पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता रडल्या. त्यांनाही माहीत नव्हतं, काका. तुमच्या बायकोलासुद्धा.

मी तेव्हापासून याच विचारात आहे. एक वाक्य. बैठकीत एक वाक्य बोलला असतात तर तुमची शिट्टी राहिली असती, कोचचं तोंड बंद झालं असतं, पोरांनी टिंगल केली नसती. मी बसमध्ये, फोनवर, तुमच्या अंगणात बसून इतक्या वेळा विचारलं, मला एकटीला कानात सांगितलं असतं तरी मी कोणाला सांगितलं नसतं. असं मला वाटतं. तुम्हाला तसं वाटलं नसावं, किंवा वाटलं तरी ते तुमचं नव्हतंच सांगायला. मोठमोठी देवळं मी येता-जाता गाडीतून पाहिली. पण एका माणसाच्या पोटात एवढी गोष्ट इतकी वर्षं गप्प राहू शकते, हे आठवलं की मान आपोआप वर होते, जसं उंच काही पाहताना होते. मी त्या माणसाशेजारी बसून डबा खाल्ला, आणि मला पत्ता नव्हता.

हे सगळं लिहू का, असं मी पल्लवीला विचारलं. मला भीती होती. तुम्ही जे झाकलं ते मी उघडं करायचं का? ती म्हणाली, "माह्या नावानं लिही. त्यायनं झाकलं ते तवा झाकायसारखं होतं म्हणून. आता माह्या पोट्ट्यायले मी पहिल्याच दिवशी सांगते, असं झालं तं हात वर कर, पंच थांबवते." तिच्या मुलींची चड्डी काळी आहे. थैलीत सगळं सामान असतं. पंचांनी वेळ थांबवली तर आता तिच्या गावात कोणी नौटंकी म्हणत नाही, असं ती म्हणाली. खरं असेल, अर्धं खरं असेल, मला माहीत नाही. मी ते ऐकून घेतलं.

निघताना ती दारात थांबली. म्हणाली की तुझं जिल्ह्यात जायचं राहिलं, ते मला त्या दिवशीही कळत होतं. मी म्हटलं, हो, राहिलं.

ते राहिलंच, काका. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. हे सगळं कळल्यावरही माझा तो दम परत आला नाही. त्या दुपारी मी दोन मुलींना बाद करून लोण दिला असता, असं मला आजही वाटतं, आणि शिवता शिवता कधी पाय हलके होतात तेव्हा तीच रेड मी पुन्हा करते. पण वेळ थांबवायलाच नको होती, हे मात्र आता माझ्या तोंडातून निघत नाही. दोन्ही गोष्टी माझ्यात आहेत, एकमेकींना धक्का न लावता. शेवटच्या फोनवर तुम्ही म्हणालात, उत्तर नाही. मला वाटतं, तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एका पोरीसाठी थांबवलं की दुसऱ्या पोरीचं काहीतरी जातं, आणि ते घड्याळात परत भरता येत नाही. म्हणून दोरी धर म्हणालात का? म्हणून दर रविवारी फोन उचलत होतात का? की सहज, एक पोरगी रोज बघत उभी राहते म्हणून? हेही विचारायचं राहिलं.

मी परत तिरुपूरला आले. येताना गाडीत सारखी धाकधूक, की कामावर ठेवतील का, लाइन थांबवल्याबद्दल सेल्वीअक्काला काय ऐकावं लागलं असेल. ती नेहमीसारखी उभी होती. माझं मशीन पुसून ठेवलेलं होतं. नंतर दुसऱ्या बाईनं मला सांगितलं की अक्काला काचेच्या आत बोलावलं होतं आणि ती बराच वेळ आत होती. काय झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत तिला विचारलं, अक्का, तुम्ही न विचारता लाइन कशी थांबवली? ती भात कालवत म्हणाली, "तेरा मुँह देखा." आणि लोणचं माझ्याकडे सरकवलं.

काका, तुमचं ऋण फेडायला तुम्ही जागा ठेवली नाहीत. तिचं मात्र मी फेडणार आहे. कधी ते माहीत नाही. आज माझ्या हातात लाइन थांबवायचा अधिकार नाही, उद्या येईल का तेही सांगता येत नाही. पण तिच्यावरही एखादा दिवस असा येईल, जेव्हा तिचे हात चालत राहतील आणि मन तिथं नसेल. त्या दिवशी कोणी काचेतून बघो की न बघो, मी हात वर करीन. तिला जा म्हणीन, तिच्या जागी उभी राहीन, आणि काय झालं ते तिला विचारणार नाही.